अख्खं बिस्कीट

दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे भाऊबहीण उभी होती, दोघंही साठीला टेकलेली.

"ताई, तो पुडा नको. आतल्या बिस्किटांचा चुरा झालाय बघ."

"म्हणूनच घेतला. फुटका माल निम्म्या किमतीत देतात."

"अजून तुझं तेच! बाबा बेकरीतल्या डब्याच्या तळाचा चुरा आणायचे, स्वस्त पडतो म्हणून. मला वाटायचं, बिस्किटं फुटकीच बनवतात."

"शेजारच्या काकूंनी एकदा अख्खं दिलं, तर तू ते आधी फोडलंस आणि मग खाल्लंस!"

"आता काय कमी आहे गं आपल्याला? बाबांना तरी अख्खी देत जा."

"देऊन बघितली रे. अख्खं दिसलं की उशीखाली ठेवतात. म्हणतात, पोरं येतील आता शाळेतून."