हारपलेला बैल

माह्यासमोर त्या इंझोरीच्या टेकडीचं नाव काढू नका. रविवारी आपल्या साऱ्याईले तिथल्या गवतातून पायी फिराचं होतं, म्हणून शनिवारी मी एकटाच तिकडं रस्ता पाहाले गेलो.

बांधावरच्या म्हाताऱ्यानं इचारलं, "कायले फिरून राह्यला, बाबू?"

"असाच."

"असंच कोन फिरते? बैल हारपला काय?"

चारदा समजावलं, त्याले पटेच ना. शेवटी थकून म्हटलं, "हो, हारपला."

चूक तेथंच झाली. त्यानं हाका मारल्या अन् अर्धं गाव काठ्या घेऊन गवतात शिरलं. त्याईच्यासंगं मी दिवसभर नसलेला बैल शोधला. निघताना म्हाताऱ्यानं माहा नंबर घेतला.

रविवारी सकाळीच फोन. "बाबू, सापडला. दावं घेऊन ये."

आता सांगा, तो बैल हाय कोनाचा, अन् वाशीमात तिसऱ्या मजल्यावर मी त्याले बांधू कोठं?