शिलाई बाहेर आलेली टोपी

ओहायोतल्या बसच्या रांगेत क्लाइडच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा शेजारी उभे होते. म्हातारीने बेसबॉलची टोपी उलटी, आतली शिलाई बाहेर करून घातली होती.

"लोरेटा आजी, सीझन संपला काल! काढा ती टोपी."

"संघ मागे असला की टोपी उलटी, पुढे गेला की सुलटी. गेला का पुढे?"

"कसला पुढे! ऑगस्टपर्यंत पहिला होता, सप्टेंबरात पार माती खाल्ली मेल्यांनी!"

"मीही काल शेवटपर्यंत बसून शिव्या घातल्या."

"शेवटपर्यंत? नऊ धावांनी मागे असताना?"

"पोरं खेळतच होती ना, ड्वेन."

"आता खेळ थेट एप्रिलमध्ये. तोवर अशीच फिरणार?"

"मग?"

क्लाइडने काल रागाने खिशात कोंबलेली त्याच संघाची टोपी काढली, शिलाई बाहेर केली आणि डोक्यावर चढवली.