गव्हाणीसाठी आणलेलं गवत

मंडळी, आधी मोजून घेऊ. एका नाताळच्या दोन दिवस आधी, पिंपळदऱ्याच्या चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या हाताला काय काय होतं? बांबू चार. गोणपाटं सहा. पुठ्ठ्याची मेंढरं दोन, त्यातल्या एकाला कान नाही. मातीची गाय एक. योसेफ एक, मरीया एक. पूर्वेकडचे ज्ञानी लोक तीन, पैकी एकाचं नाक आदल्या साली पडलेलं, म्हणून तो कायम भिंतीकडं तोंड करून उभा. बाळ येशू अजून कपाटात. आणि वाळल्या गवताच्या पेंढ्या अकरा, सकाळीच गंजीवरून आणलेल्या.

एवढं सगळ्यांनी पाहिलं. पेंढ्यांच्या आत आणखी एक जीव होता, तो कुणी मोजला नाही.

आता माझा प्रश्न ऐका. माणूस प्रभूचं काम करायला वाकतो, आणि तिथंच त्याला साप चावतो. दोष कुणाचा? सापाचा? माणसाचा? की — बोला ना. आता का खाली बघताय? तिसरं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. सलोमीचीही रेटली नव्हती, दुपारपर्यंत.

सलोमी कोण? शांतवन गवंड्याची बायको. शांतवन त्या नाताळच्या दोन वर्षं आधी परांचीवरून पडला, खांदा वाकडा बसला, वर हात जाईना. गवंड्याचा हात वर जाईना म्हणजे भिंत छातीपर्यंतच! कामं गेली. चर्चमध्ये लोक हात मिळवायचे, ‘प्रभू पाहील’ म्हणायचे, आणि घराचं बांधकाम निघालं की दुसऱ्याला बोलवायचे. तुमच्यात नाही असं होत. मी त्या गावचं सांगतोय.

त्या वर्षी त्यानं स्वतःच पाळकसाहेबांना म्हटलं, ‘गव्हाण मी करतो. ती काही उंच नसते.’

गवत दिलं एलियामामांनी. एलिया बोर्डे, चर्चचे पंच. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. मनाचे मोठे, आवाजानं त्याहून मोठे. गावात ख्रिस्ती माणसाची चारचाकी एकच, पिकअप, ती त्यांची.

तर सकाळचे नऊ. सलोमी बाकावर बसून देवदूताच्या पंखांना कापूस चिकटवतेय. शांतवन वाकला, पेंढीचा बंध सोडायला हात घातला — फस्सऽऽ! कुकरची शिट्टी सुटायच्या आधी होतो ना, तसा आवाज. हात वर आला तेव्हा करंगळीच्या खाली ती लोंबकळत होती. जाडजूड, अंगभर साखळीसारखे तपकिरी डाग. घोणस. शांतवननं हात झटकला. ती फरशीवर पडली, आणि बाकांच्या मधल्या वाटेनं, लग्न लावून नवरी निघावी तशी, सावकाश दाराबाहेर गेली.

चर्चमध्ये वीसेक माणसं. सगळ्यांनी पाहिलं.

आता त्यांना काय आठवलं असेल? तुम्हाला आत्ता आठवलं तेच. प्रभूचा प्रेषित पौल! गलबत फुटलंय, पौल मिलिता बेटावर पोहून निघालाय, शेकोटीसाठी काटक्या गोळा करतोय. काटक्यांतून साप निघतो, हाताला डसतो. पौल हात झटकतो आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही.

एलियामामांनी दोन्ही हात वर केले. “हालेलूया! अरे, हा तर आपला पौल!”

मग काय विचारता. कुणी शांतवनचा हात हातात घेतो, कुणी डोक्यावर हात ठेवायला सांगतो. एक बाई घरून लेकराला घेऊन आली. आणि शांतवन? तो हसत होता. मंडळी, दोन वर्षांत पहिल्यांदा माणसं त्याच्याकडं वर बघत होती. सलोमीनं ते हसू पाहिलं. तिच्या ओठावर आलं होतं, ‘अहो, दवाखान्यात जाऊ या.’ पण ते हसू इतक्या दिवसांनी आलेलं, त्यावर पाणी कसं ओतायचं? तिनं चिकटवायचा कापूस परत हातात घेतला.

तिला दोष देऊ नका. तुम्ही असता तर तुम्हीही ढोलकी काढली असती. तिथंही निघालीच. शांतवनला मध्ये बसवलं, म्हणाले, तू गा. तो गायला लागला. दुसऱ्या कडव्याला सलोमीच्या लक्षात आलं, मनगट दिसत नाहीये. हात कोपरापासून बोटांपर्यंत एकसारखा झालाय, पिठाच्या गोळ्यासारखा. तिसऱ्या कडव्याला त्यानं वरचा सूर लावला, तोंड उघडलं, आणि तिला त्याचे दात दिसले.

लाल.

ती उठून त्याच्यासमोर आली. “थुंका.”

“गाणं चाललंय, सलोमे.”

“थुंका म्हणते ना.”

तो तिच्या पदरावर थुंकला. पदराला चिकटलेल्या पांढऱ्या कापसावर रक्त. हिरड्यांतून येत होतं, झिरपत होतं, थांबत नव्हतं. ढोलकी थांबली.

आता बघा गंमत. गंमत कसली, पण बघा. मिलिता बेटावरचे लोक काय म्हणाले होते? आधी म्हणाले, हा खुनी असणार, म्हणून साप चावला. मग काही झालं नाही तेव्हा म्हणाले, हा देव आहे. ते बिचारे अडाणी, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि आपले पिंपळदऱ्याचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती! त्यांनी काय केलं? आधी म्हणाले पौल. तासाभरानं कुजबुज सुरू झाली. “काहीतरी असल्याशिवाय का?” “परांचीवरून पडला तेव्हाच मी म्हटलं होतं.” लेकराला घेऊन आलेली बाई लेकराला घेऊन गेली.

एलियामामा शांतवनच्या शेजारी गुडघ्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “शांतवन, पोरा, मनात काही दडवलं असशील तर कबूल कर. विष लगेच उतरेल बघ. आम्ही सगळे उपासाला बसतो.”

“मामा, गाडी काढा,” सलोमी म्हणाली.

“काढतो की. पण आधी—”

“आधी गाडी.”

आणि मंडळी, इथं आडवा कोण आला? एलियामामा नाही. शांतवन स्वतः! म्हणाला, “मी नाही येणार. एवढ्या लोकांसमोर प्रभूचं नाव झालंय. मी सुई टोचून घ्यायला गेलो तर लोक काय म्हणतील? माझ्यामुळं त्याचं नाव खाली जाईल.”

सलोमी त्याच्यासमोर खाली बसली. हळूच बोलली, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“त्याचं नाव जाईल, की तुमचं?”

त्यानं सुजलेला हात मांडीआड घेतला.

“पौलाला बाधलं नाही, ती प्रभूची मर्जी. पण पौलाला पुढं तुरुंगातच टाकलं ना? मारलंच ना शेवटी? मग तेव्हा काय त्याचा विश्वास आटला होता? तुम्ही पौल नाही. तुम्ही शांतवन आहात, आणि मला तुम्ही पाहिजेत. उठा.”

तो उठला. वाकड्या खांद्याखाली तिनं मान घातली आणि पिकअपमध्ये बसवलं. एलियामामांनी गाडी काढली. काढली म्हणजे काढलीच, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं ट्रॉल्या, तरी हॉर्नवरचा हात काढला नाही. सलोमी मागं हौद्यात नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आणि तिथं, त्या धुळीत, तिची जीभ रेटली. ‘गवत तुझ्यासाठी आणलं होतं ना रे? तुझं अंथरूण करत होता ना तो? मग तुला दिसलं नाही आत काय आहे ते?’

मी इथं उभा राहून सांगेन की आकाशातून वाणी झाली, तर ते खोटं होईल. ट्रॉलीच्या उसाचा वास आला, एवढंच.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या तनपुरेबाई. वय कमी, बोलणं त्याहून कमी. “किती वाजता चावला?” “नऊला.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजत आले होते. ते बघणं सलोमीला आयुष्यभर पुरेल.

त्यांनी एक कोरी काचेची नळी घेतली, तीत शांतवनचं थोडं रक्त घातलं, टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाल्या, “वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही. चांगलं रक्त एवढ्यात दह्यासारखं लागतं. घोणसेचं विष रक्त गोठायचं सामानच संपवून टाकतं. मग ते पाण्यासारखं राहतं.”

वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त वाहत तोंडापर्यंत आलं.

विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या होत्या. दहाच होत्या. दहाही सलाईनमधून चढवल्या. एकला संपल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता सहा तास वाट बघायची. मग परत तीच परीक्षा. रक्त गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर आणखी औषध लागेल, आणि ते नगरला आहे.”

“नगरपर्यंत—” सलोमीनं विचारलं.

“आज रस्ता बघितलात ना तुम्ही.”

आता ते सहा तास. मंडळी, आपण म्हणतो, संकटात प्रार्थना कर. ती करायला बसली. शब्द येईनात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना अर्ध्यात तुटायची, परत पहिल्यापासून, परत तिथंच तुटायची. शेवटी तिनं एवढंच धरलं —

नको मज खूण । नको चमत्कार ।
अंधाराच्या पार । सोबत दे ॥

म्हणा माझ्याबरोबर. *नको मज खूण...* हळू. शेजारी कुणाचं तरी माणूस झोपलंय असं समजून म्हणा.

चारच्या सुमारास शांतवननं डोळे उघडले. हात आता पांघरुणात मावत नव्हता.

“सलोमे, प्रभूनं मला सोडलं का गं?”

खोटं बोलायची सोय होती. नर्ससुद्धा म्हणाली असती, ‘नाही हो, असं बोलू नये.’ सलोमी म्हणाली, “मला माहीत नाही. मी त्याला सोडलेलं नाही. आज एवढंच बोलता येतंय.”

“सातच्या त्या नळीत माझा निकाल आहे.”

“नळीत तुमचं रक्त असणार. निकालबिकाल काही नाही. पडून राहा.”

तेवढ्यात दारात एलियामामा. दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होते, ना जेवले, ना पाणी प्यायले. आत यायची हिंमत आत्ता झाली. टोपी हातात. “सलोमी, गावातून सारखे फोन येतायत. मंडळी विचारतात, त्यानं काही कबूल केलं का?”

सलोमीनं त्यांच्याकडं पाहिलं. “केलं.”

मामा पुढं झाले. “काय?”

“काठीनं न ठोकता पेंढीत हात घातला म्हणाला. सांगा त्यांना, तेवढंच पाप.”

मामांचं तोंड हललं. हसावं की रडावं त्यांना कळेना. मग ते पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि खाली बघून म्हणाले, “गंजी माझी होती, सलोमी. मला ठाऊक होतं तिथं साप असतात. मी सांगितलं नाही, विसरलो.” जरा थांबून म्हणाले, “आणि सकाळपासून पाप त्याचं शोधतोय.”

तिनं त्यांच्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला. मामा पाणी प्यायले.

सात वाजले. डॉक्टरबाई आल्या. नवी नळी, नवं रक्त. नळी टेबलावर उभी. बाहेर नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या, रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, टेबल थरथरलं. मामांचा हात आपोआप नळीकडं गेला, सावरायला. सलोमीनं तो मनगटाला धरला. “हात लावू नका, मामा. ठेवलंय तिथंच राहू द्या.”

पाच मिनिटं. दहा. शांतवन छताकडं बघतोय. सलोमी नळीकडं बघत नाही, नवऱ्याकडं बघतेय. पंधरा. अठरा.

इथं मी थांबतो. उरलेली दोन मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.

मंडळी, खरं सांगा. आत्ता तुमच्यातल्या कितीजणांनी मनात ठरवून ठेवलंय की रक्त गोठलं तर सलोमीचा विश्वास खरा, आणि वाहिलं तर कुठंतरी खोट होती? मी बघतोय तुमच्याकडं. म्हणजे तुम्हीही मिलिता बेटावरच बसलाय, शेकोटीभोवती, माणूस सुजतो की नाही ते बघत! मग मला सांगा, ज्या घरात यंदा नळी वाहिली, जिथं परवा एक ताट कमी वाढायचंय, त्या घराला तुम्ही काय सांगणार? प्रार्थना कमी पडली म्हणून? आणि तुम्ही, ज्यांचं सगळं बरं चाललंय, तुम्ही कशाच्या बळावर इथं बसलाय — प्रभूच्या की नशिबाच्या?

सलोमीनं निकालाआधी ठरवलं होतं. रक्त वाहिलं असतं तरी ती पंचवीस तारखेला त्या चर्चमध्ये गेली असती. रडत गेली असती, भांडत गेली असती, पण गेली असती. त्याला सोडलेलं नाही, हे ती चारलाच बोलून बसली होती. आणि तिला एवढंच बोलता येत होतं, म्हणून ते पुरेसं नव्हतं असं म्हणायची माझी छाती नाही.

परवा नाताळ. तुमच्या बाकावर, तुमच्या शेजारी, कुणाचा तरी हात सुजायला लागलेला असेल. कुणाचं काम गेलं असेल, कुणाचं लेकरू आजारी असेल. तुम्ही आधी काय शोधणार? त्याचं पाप, की गाडीची चावी? घरी जाताना रस्त्यात याचं उत्तर एकमेकांना द्या. मला नको.

आणि ती दोन मिनिटं संपली.

तनपुरेबाईंनी नळी उचलली, उजेडासमोर धरली आणि एकदाच आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. त्यांनी वेळ सांगितली, नर्सनं लिहून घेतली. सात वाजून बावीस मिनिटं, गोठलं.