रविवारी दार उघडं असतं

(बर्गन. चढावरच्या गल्लीतलं लाकडी घर, दुपार. घरमालकीण तोरुन ओट्यापाशी. शेजारी भाड्याने राहणारी इंगुन इस्पितळातली पाळी संपवून थेट आलेली.)

इंगुन : नाही म्हणजे काय, काकू? दलालाने काढलेल्या किमतीपेक्षा वरच देतेय मी. बँकही तयार आहे.

तोरुन : आधी बस तरी. कॉफी ओततेय.

इंगुन : कॉफी नको. उद्या सकाळी तुमची जाहिरात लागणार. एकदा लागली की मी संपले.

तोरुन : लोकांनी घर बघायच्या आधीच कुणी बोली लावली, तर दलाल त्याला छापा म्हणतो. असल्या छाप्याला हो म्हणायचं नाही, म्हणतो.

इंगुन : छापा? तुमच्या हातचे वॅफल खाऊन मोठी झालेली मी, आता दरोडेखोर झाले होय?

तोरुन : तो सगळ्यांनाच म्हणतो गं.

इंगुन : म्हणू दे. घर तुमचं आहे, त्याचं नाही. आजवर प्रत्येक घराच्या बोलीत हरलेय मी. पाळीवर असताना चोरून फोन बघते, आकडा चढत जातो, आणि कुठेतरी माझा दम संपतो. माझा घरमालक उन्हाळ्यानंतर जागा काढतोय. या भागात दुसरं काही नाही.

तोरुन : गावात इतर ठिकाणी...

इंगुन : मुलांचा बाप मागच्या गल्लीत आहे. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे, हे जमतं ते मुलं चालत येतात-जातात म्हणून. मी तिकडे लांब ओसानेला राहायला गेले की मुलं त्याच्याकडे, आणि मी शनिवारची पाहुणी. त्याने सांगून टाकलंय. भांडूनही नाही, अगदी गोड बोलून.

तोरुन : ठाऊक आहे मला.

इंगुन : ठाऊक असून नाही म्हणता?

तोरुन : बाजारात गेल्याशिवाय खरी किंमत कळत नाही, असं...

इंगुन : असं दलाल म्हणतो. तुम्हाला कधीपासून पैशाचा सोस लागला? जुन्या पडद्यांची फडकी करून वापरता तुम्ही. खरं सांगा, माझ्यात काही खोट दिसली का?

तोरुन : वेड्यासारखं बोलू नकोस.

इंगुन : मग आणखी वर जाते. बाबांची होडी विकते.

तोरुन : होडी राहू दे. तू कितीही वर गेलीस तरी उद्या जाहिरात लागणार.

इंगुन : पण का? तुमच्या पाया पडायचं तेवढं राहिलंय माझं.

तोरुन : येताना घर बघितलंस?

इंगुन : बघितलं की. जिकडेतिकडे पांढरा रंग, भिंतीवर एक फोटो नाही, टेबलावर परडीभर लिंबं. हॉटेल करून टाकलंय. वरची योस्टाइनची खोली तेवढी...

तोरुन : निळीच ठेवलीय. दलाल चिडला, गिऱ्हाईक बिचकेल म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मुलाची खोली आहे, जाहिरातीत पहिला फोटो तिचाच लाव.

इंगुन : पहिला?

तोरुन : घर घ्यायचं नसलं तरी जाहिराती कोण चाळत नाही? तोही चाळत असेल. आपली खोली ओळखेल.

इंगुन : अजून काहीच नाही त्याचं?

तोरुन : काही नाही. बापाने दारात सांगितलं होतं, या घराची घंटा परत वाजवू नकोस. बाप गेला, पण पोराने काही ती वाजवली नाही. बापावरच गेलाय.

इंगुन : काकू...

तोरुन : लोकांनी घर बघायला यायच्या रविवारी घंटा वाजवावी लागत नाही गं. दार उघडं असतं. कुणीही यावं, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, हिंडावं, निघून जावं. कुणाचा कोण, विचारत नाहीत. आज तुला घर दिलं तर तो रविवारच उजाडणार नाही.

इंगुन : मी शोधते ना त्याला. ओळखीपाळखीतून काढते.

तोरुन : शोधून झालंय. निरोप गेला की आणखी लांब पळतो.

इंगुन : आणि आला तर?

तोरुन : तर विकणार नाही.

इंगुन : नाही आला तर?

तोरुन : तर घर तुझं. आज म्हणालीस त्याच किमतीला. दुसऱ्याची बोली मी बघणारही नाही, दलाल बसू दे बोंबलत.

इंगुन : म्हणजे रविवारभर मी काय मागायचं? तुमचा मुलगा येऊ नये म्हणून?

तोरुन : माग. मला राग नाही. पण त्या दिवशी इथे ये. मालकाने तेव्हा घरात थांबायचं नसतं. तू जिन्यापाशी उभी राहा. दाढी वाढवून आला तरी ओळखशील, एका वर्गात होतात.

इंगुन : हे मला नका सांगू. दलालाला सांगा, समोरच्या बिर्गेरना सांगा. तो वर जाताना मला दिसला तर माझी मुलं गेली हो. मी खोटं बोलेन. आत्ताच सांगून ठेवते.

तोरुन : दलालाला घर विकायचंय, योस्टाइन आला तरी आला नाही म्हणेल. बिर्गेर मऊ मनाचा, मला बरं वाटावं म्हणून आला होता म्हणेल.

इंगुन : आणि मी?

तोरुन : तू आला होता म्हणालीस, तर तो खरंच आलेला असेल.