नंबरावरची पट्टी

(मदतकेंद्राची खोली. ताई हॉस्पिटलमधून थेट आलीय. पर्स अजून खांद्यालाच.)

ताई: हात मोडलाय तिचा. डोळा उघडत नाही. आणि तू मला कायदा शिकवतोस?

भाऊ: शिकवत नाही गं. एवढंच म्हणतोय, आपली वेबसाइट नियमात आहे. कुकी टाकण्याआधी परवानगी विचारायची, ती आपण विचारतो.

ताई: शिवणकाम करणारी बाई ती. आपल्याकडे यायचं ठरवलं, तर सख्ख्या आईलाही पत्ता लागू दिला नाही. मग नवऱ्याला कळलं कसं?

भाऊ: फोन बघितला असेल तिचा.

ताई: तिला फोन ठेवूच देत नाही तो. घरात एकच टॅब, पोरीच्या अभ्यासाचा. त्यावर हिने आपली साइट बघितली, नंतर मागचं सगळं पुसलंही. तरी नवरा त्याच टॅबवर मॅच बघत बसला आणि मध्येच जाहिरात आली. "घरात मार खाताय? आम्ही आहोत." खाली आपलं नाव. थोड्या वेळाने पुन्हा तीच.

भाऊ: बघितलेली पानं पुसली तरी कुकी राहते.

ताई: माणसाच्या भाषेत सांग.

भाऊ: खूण असते ती. साइट उघडली की त्या टॅबवर राहते. जाहिरातवाल्यांना कळतं, इथून कुणीतरी आपल्याकडे येऊन गेलंय. मग ते आपलीच जाहिरात दाखवत राहतात.

ताई: चोर घर हेरून दारावर फुली मारून जातात, तशी.

भाऊ: असं काय बोलतेस? तूच म्हणालीस ना, जास्त बायकांना कळू दे म्हणून?

ताई: बायकांना म्हणाले. नवऱ्यांना नाही.

भाऊ: पण तिने "मान्य" दाबलं म्हणून झालं ना हे? "नको" म्हणायचीही सोय होती.

ताई: कुठे होती? केंद्रातल्या या टॅबवर दाखव.

भाऊ: हे बघ... "अधिक पर्याय" मध्ये जायचं, मग खाली...

ताई: आणि परवानगी विचारणारी ही पट्टी कशावर बसलीय?

भाऊ: खालच्या बाजूला. सगळ्यांच्याच साइटवर असते.

ताई: कशावर बसलीय, ते विचारलं.

भाऊ: ...नंबरावर.

ताई: आपल्या फोन नंबरावर. नवरा अंघोळीला गेलेला. नंबर बघून शेजारणीच्या फोनवरून लावायचा, एवढंच तिच्या हातात होतं. तुझे पर्याय वाचत बसली असती का रे ती? पट्टी हटावी म्हणून समोर दिसलं ते "मान्य" दाबलं.

भाऊ: मोबाइलवर बघितलं होतं मी. टॅबवर... टॅबवर नाही बघितलं. थांब, काढतो. पट्टी, कुकी, जाहिराती, सगळं.

ताई: काढ. वरातीमागून घोडं.

भाऊ: झालं. बघ, दिसतोय नंबर. ताई, मी येतो तिच्याकडे. माझ्यामुळे झालं, असं तोंडावर सांगतो. करू दे माझ्यावर तक्रार.

ताई: ती परत चाललीय.

भाऊ: कुठे?

ताई: घरी. पोरगी त्याच्या ताब्यात आहे. आली नाहीस तर पोर पुन्हा दिसणार नाही, असा निरोप पाठवलाय त्याने.

भाऊ: अगं, मग थांबव तिला! पोलिसांत जाऊ, वकीलबाईंना बोलावू...

ताई: सगळं सांगून झालं. घसा कोरडा पडला माझा. पोरीपुढे काही ऐकत नाही ती.

भाऊ: आपल्यावर चिडलीय का?

ताई: चिडली असती तर बरं झालं असतं रे. रडत मी होते, आणि चांगल्या हाताने माझी पाठ तीच थोपटत होती.

भाऊ: काही म्हणाली?

ताई: म्हणाली, "ताई, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. ते बटण मीच दाबलं."