खुलताबादच्या घाटातलं ॲव्हरेज

शहागंजच्या पंपावर रांगेत माझ्या स्कूटीपुढं जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. आत म्हातारं जोडपं. शेजारच्या बाईकवाल्यानं विचारलं,

"काका, ॲव्हरेज किती देते?"

"चौदा."

"हिला? असल्या गाड्या आठच्या वर जात नाहीत."

"युक्ती हाय. खुलताबादचा घाट लागला की चावी फिरवून इंजिन बंद करायचं. गाडी आपोआप खाली येती."

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो! दर शनिवारी भद्रा मारुतीहून येताना गाडी एकदम गप व्हायची, ती तुम्ही बंद करत होता?"

"व्हय. तीस वर्षं झाली. तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं, मारुतीरायानंच तळहातावर घेतली."

बाईकवाला म्हणाला, "काका, नव्या गाडीत असलं करू नका बरं. चावी बंद केली की स्टेअरिंग लॉक होतं, ब्रेक दगडासारखा होतो."





"माझ्या लेकीनं, सोनियानं नवी गाडी घेतली, तवा तिलाबी हेच शिकवलं मी."

"अहो, आज शनिवार हाय. लेकरं घेऊन सकाळीच गेलीय ती भद्रा मारुतीला."

पंपावरचा पोऱ्या ओरडला, "काका, पुढं घ्या. कितीचं टाकू?"

"थांब रे बाबा. सुरेखा, फोन लाव तिला."

"लावलाय. नुसती रिंग जातीय."