जिभेतला गळ

—नाही, ओढू नका. ती पक्कड इकडे द्या. द्या म्हणते ना, अता. मी तुमची सून आहे, तुम्हाला अता म्हणते, सुनेने सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, सगळं माहीत आहे मला — लग्न झाल्यापासून तुमच्या बुटांकडे बघत चहा ओततेय मी, तुमच्या बुटांना कुठे ठिगळ आहे ते मी डोळे मिटून सांगेन — पण आज बघणार. उघडा तोंड. उघडेल तेवढंच. मान मागे टाकू नका, पुढे वाका, रक्त घशात जाऊ देऊ नका, थुंका. थुंका बर्फावर, लाजताय कसले.

हां. तीन टोकांचा गळ. एक टोक खालच्या ओठात, पार आत. एक जिभेत. तिसरं मोकळं आहे, ते टाळ्यात रुतलं नाही हे नशीब. आणि तुम्ही पकडीने हे उपटणार होतात? अहो, गळाला उलटा दात असतो, तो आत जायला वाट करतो आणि बाहेर यायला मांस मागतो — तुम्ही स्वतः घासून धार लावता त्याला, तुम्हाला मी काय सांगणार. बोलू नका. हुं नाही, हां नाही, काही नाही. जीभ हलली की फाटेल. मान हलवा फक्त.

गळ तोंडात धरायचाच कशाला? नाही, मला ठाऊक आहे कशाला. बर्फ धरला गळावर, बोटं गारठलेली, मग घातला तोंडात वितळवायला — या बालखाश सरोवरावरचा जो तो हेच करतो, येर्नार पण करतो, तुमच्या पोरावर मी ओरडले की म्हणतो, बापाने शिकवलंय. पण तंगुसाची दोरी एकच, गळ दोन. वरचा तुमच्या तोंडात आणि खालचा आमिषासकट बर्फातल्या भोकातून पाण्यात सोडलेला, आणि खाली मासा. त्याला काय कळतंय वर कोण आहे ते. त्याने हिसका दिला. मी मधली तंगूस कापली नसती तर या कोकसेर्के माशाने तुम्हाला भोकापर्यंत ओढत नेलं असतं. कापलेलं टोक धरून त्यालाही वर ओढलं मी, आता दोघेही बर्फावर, एक इकडे, एक तिकडे.

काय? काय दाखवताय? मासा? राहू दे मासा, तुमचं रक्त दाढीवर गोठतंय, आणि मासा कसला— अता, हात सोडा माझा. नाही पळत तो. अरे देवा, पोट बघा याचं. अंडी आहेत. सोडायचा? आत्ता? तो सोडल्याशिवाय मला हात लावू देणार नाही, असंच ना? मेंढ्यांच्या डॉक्टरणीवर एवढाही भरवसा नाही. बरं. बरं, सोडते. हात आधी ओला करते, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो — तुम्ही येर्नारला सांगत असता, मी चुलीपाशी ऐकत असते. कल्ल्यात बोट घालायचं नाही. हा गळ साधा, बिनदाताचा आहे, ओठाच्या कडेला आहे, आला त्याच वाटेने मागे ढकलायचा... निघाला. जा बाई. गेली. बघितलंत ना, गेली. तिचा ओठ सुद्धा फाटला नाही.

आता तुम्ही.

कुणाची वाट बघत थांबू मी, सांगा. वारा सुटल्यावर सगळ्यांनी सामान आवरलं, तुम्हीच एक हटून बसलात. फोन इथे लागत नाही. येर्नार डिझेलला गेलाय, गाडी त्याच्याकडे. चालत किनाऱ्यापर्यंत नेईन मी तुम्हाला, स्लेजवर घालून ओढेन, पण तोवर जीभ सुजेल, सुजलेली जीभ श्वास अडवते. आत्ता आणखी फाटू न देता निघेल. कुत्र्यांच्या तोंडातून काढलेत मी असले गळ, कॉलेजात. हसू नका, अता, हसलात तर ओठ जाईल. हो, कुत्र्यांच्या. कुत्री हलत होती, तुम्ही हलणार नाही.

तुमचं वायर कापायचं कटर कुठे आहे? याच डब्यात... हे. बघा, आधी दांडा कापते, म्हणजे टोकं सुटी होतील, एक हललं तरी दुसरं ओढलं जाणार नाही. डोळे मिटा. नका मिटू, बरं, बघा माझ्याकडे. सून बघतेय तर सासऱ्याने पण बघावं.

कापला. श्वास घ्या.

ओठाचं टोक आता मागे नाही, पुढे ढकलायचं. बाहेरच्या कातडीतून काढायचं, दात कापायचा, मग उरलेलं परत मागे. दुखेल. माझा गुडघा धरा. धरा, कुणी बघत नाही इथे, चारही बाजूंना बर्फ आहे. मी हे बोलत राहते, तुम्ही ऐका — गोठ्याशेजारची खोली तुम्ही मला दवाखान्याला दिली नाहीत, तेव्हा मी रडले नाही. रडले ते लग्नात. सगळं गाव तुमची बाता, तुमचा आशीर्वाद घेतं, कुणाचं बाळ, कुणाचं घर, कुणाची नवी मोटरसायकल, तुम्ही दोन तळवे उघडता आणि लोक तोंडावरून हात फिरवून उजळ होऊन जातात. माझ्या लग्नात तुम्ही हात खिशात ठेवलेत. पळून आलेली मुलगी, शहरातली. मला वाटायचं शब्दांनी काय होतं. होतं— निघालं, अता, ओठातलं निघालं. थुंका.

आता जीभ. हिच्यात दात आत गेलेला नाही, नुसतं टोक. त्याच वाटेने मागे. पण तुम्ही हललात तर चिरेल, आणि चिरली तर ही जीभ कुणालाच बाता देणार नाही, म्हणून हात जोडते, हलू नका. कुदाइबेर्गेन अता, हलू नका. हो, नाव घेतलं. सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं, नंतर काय ते बोला. थांबा. डिझेलला गेला नाहीये येर्नार. शहरात खोली बघायला गेलाय. बॅगा भरल्यात आम्ही, पलंगाखाली आहेत. म्हणून तर थर्मास घेऊन आले ना मी, तुम्हाला सांगायला — आणि म्हटलं, अता, आम्ही आज जातोय, आणि तुम्ही तोंडात गळ असताना तोंड उघडलंत. काही तरी म्हणणार होतात. नेमकं तेव्हाच त्या मासळीने खालून ओढलं. काय म्हणणार होतात? जा म्हणणार होतात, की— नाही. नाही, नका सांगू. जीभ तशीच. तशीच.

निघालं.

निघालं, अता. हे बघा, हे टोक. हे फडकं चावून धरा, दाबून, आणि हातानेही धरा. टाके दवाखान्यात घालतील. उठताय कशाला, स्लेज मी आणते. आज काही बोलायचं नाही, उद्याही नाही, जे सांगायचं असेल ते— फडकं का सोडलंत? धरा म्हटलं ना. दोन्ही तळवे असे उघडून वर कशाला, रक्त ओघळतंय तुमच्या—

थांबा. माझे हात माशाने भरलेत. रक्ताने पण. असे कसे पुढे करू मी.

कसली बाता आहे ही, अता? लग्नाची, की वाटेला लागणाऱ्याला देतात ती?

नाही. बोलू नका.